कोळशाच्या खाणीतला इतिहासकार : डॉ. कार्टर वुडसन

इतिहास राजांचा असतो, असे आपण शाळेपासून शिकत आलो. सनावळी, लढाया, तह आणि वारसाहक्काची भांडणे. ज्यांच्यापाशी राज्य नव्हते, गढी नव्हती, ताम्रपट नव्हता, अशा माणसांना काही इतिहास असतो काय? अमेरिकेतील एका माणसाने हा प्रश्न नुसता विचारला नाही, तर त्याच्या उत्तरासाठी आयुष्याची पस्तीस वर्षे खर्ची घातली. त्यांचे नाव डॉ. कार्टर गॉडविन वुडसन.

आपल्याकडे बुकर टी. वॉशिंग्टन ठाऊक असतात. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१च्या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तर मराठी घरांतलेच झाले आहेत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी कोणी ना कोणी बोलतेच. वुडसन यांचे नाव मात्र मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत ऐकले नव्हते. अमेरिकेत त्यांना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे जनक म्हणतात. इतिहासाच्या एका तासाला सरांनी त्यांचा ओझरता उल्लेख केला, आणि खाणीत काम करणारा मुलगा हार्वर्डचा डॉक्टर झाला एवढे एकच वाक्य माझ्या डोक्यात राहिले. पुढे ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले. त्यातून हा लेख झाला आहे.

एक खुलासा आधीच करतो. वुडसन यांच्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीयांना निग्रो म्हणत आणि स्वतः वुडसनही तोच शब्द वापरीत. आज तो शब्द कोणी वापरीत नाही, वापरूही नये. त्यांच्या संस्थेच्या आणि पुस्तकांच्या नावांत तो आहे म्हणून तेवढ्यापुरता येथे येईल.

कार्टरचा जन्म १९ डिसेंबर १८७५ रोजी व्हर्जिनिया राज्यात बकिंगहॅम परगण्यातील न्यू कँटन या खेड्यात झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा दहाच वर्षे झाली होती. त्याच्या आधी दोन वर्षे, १८७३ साली, इकडे पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. ही अर्पणपत्रिका आपण परीक्षेपुरती पाठ करतो. पण ज्यांना मुक्त केले त्या माणसांचे दुसऱ्या दिवशी काय झाले, ती काय खाऊ लागली, त्यांच्या मुलांनी कोणत्या शाळेत नाव घातले, हे आपण विचारीत नाही. वुडसन हे त्या दुसऱ्या दिवसाचे अपत्य होते.

त्याचे वडील जेम्स हेन्री आणि आई अ‍ॅन एलायझा, दोघेही गुलाम म्हणून जन्मलेले. वडील सुतारकाम आणि थोडी शेती करीत. युद्धाच्या काळात मालकाच्या तावडीतून निसटून त्यांनी उत्तरेच्या सैन्याला मदत केली होती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. येणार तरी कसे? व्हर्जिनियात गुलामांना अक्षरओळख देणे हा गुन्हा होता. परंतु या निरक्षर माणसाचा ताठा असा, की गोऱ्यांच्या दारी टोपी हातात धरून उभे राहायचे नाही, अपमान गिळून पोट भरायचे नाही, हे त्यांनी मुलांना घालून दिले. हार्वर्डपर्यंत शिकलेल्या मुलाने पुढे आपल्या शिक्षणाचा पाया म्हणून याच बापाचे नाव घेतले.

घर गरिबीचे, मुले बरीच. गावातली शाळा वर्षातून चार-पाच महिनेच भरे, आणि शेतीचे काम असले म्हणजे तीही बुडे. तिथे शिकवायला कार्टरचे दोन मामाच होते. बाकी वेळ पोरगा घरी स्वतःच वाची. संध्याकाळी बापाला वर्तमानपत्र वाचून दाखवी.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. वजनकाट्याची पावती, आडत्याने दिलेली चिठ्ठी, सोसायटीची नोटीस, सारे माझ्यापुढे येते. चौथीत होतो तेव्हापासून हे वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आहे. वाचून दाखवणारा पोरगा घरात कसा एकदम मोठा होतो आणि तरी बापापुढे किती लहान राहतो, हे ज्याने ते काम केले त्यालाच कळेल. बाप मधेच थांबवून एखादा असा प्रश्न विचारतो की वाचणाऱ्याला आपण काय वाचले तेच उमगले नव्हते हे ध्यानात येते. वुडसनच्या चरित्रात हा प्रसंग पुन्हा एकदा येतो, आणि तो जास्त मोठा आहे.

१८९२च्या सुमारास कार्टर भावाबरोबर शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात गेला. आधी रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडी पट्ट्या टाकण्याचे काम, मग फेएट परगण्यातील नटलबर्ग येथे कोळशाची खाण. वय सोळा-सतरा. शाळेसाठी पैसे जमवायचे म्हणून तो खाणीत उतरला आणि तिथेच जवळजवळ तीन वर्षे गेली. त्या खाणीवर ऑलिव्हर जोन्स नावाचे एक कृष्णवर्णीय कामगार होते. यादवी युद्धात लढलेले म्हातारे सैनिक. आपल्या घरीच त्यांनी खाणकामगारांसाठी छोटेसे उपाहारगृह काढले होते. संध्याकाळी लोक तिथे फळे नि आइस्क्रीम खायला आणि गप्पा मारायला जमत. जोन्स स्वतः निरक्षर. पण घरात पुस्तके आणि वर्तमानपत्रे आणून ठेवलेली! यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय पलटणींचे इतिहास, कर्तबगार कृष्णवर्णीयांची चरित्रे, अशी ती पुस्तके होती. या पोराला वाचता येते हे कळल्यावर जोन्स यांनी सौदा केला. त्याने वाचून दाखवायचे, त्याबदली त्याच्या खाण्यापिण्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

मग रोज संध्याकाळी कार्टर वाची आणि कोळशाने काळवंडलेली माणसे ऐकत. सोन्याचे चलन असावे की चांदीचे, आयातीवर जकात बसवली तर कामगाराच्या ताटातले काय कमी होते, रेल्वे कंपन्यांना लगाम कोणी घालायचा, असल्या विषयांवर तिथे वाद झडत. कोणी युद्धातल्या आठवणी सांगे. ज्या लढाईचे वर्णन पुस्तकात चार ओळींत आहे त्या लढाईत आपण कुठल्या खंदकात होतो हे सांगणारा माणूस समोर बसलेला. पुस्तकातला इतिहास आणि माणसाच्या तोंडचा इतिहास तिथे एकाच बाकावर आले. १९४४ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, वुडसन यांनी या म्हाताऱ्या सैनिकांच्या आठवणींवर लेख लिहिला. कृष्णवर्णीयांचा इतिहास आपण धुंडाळावा ही ओढ त्या घरात लागली असे त्यांनी त्यात सांगून टाकले आहे. तो लेख नसता तर ऑलिव्हर जोन्स हे नाव आज कोणाच्या कानी पडले असते?

१८९५ साली, विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, कार्टर हंटिंग्टन शहरातील हायस्कुलात दाखल झाला. त्याचे कुटुंब तोवर तिथे राहायला आले होते. शाळेला फ्रेडरिक डग्लस यांचे नाव होते. डग्लस म्हणजे गुलामगिरीतून पळून येऊन जगप्रसिद्ध झालेले वक्ते. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते वारले होते. आजूबाजूला चौदा-पंधरा वर्षांची मुले आणि मध्ये हा मिशीचा खाणकामगार. पण दोन वर्षांच्या आतच त्याने चार वर्षांचा अभ्यासक्रम संपवला. तीन-चार वर्षांत तो त्याच शाळेचा मुख्याध्यापक होऊन परत आला, हेही इथेच सांगितले पाहिजे.

पुढचे शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झाले. केंटकी राज्यात बेरिया कॉलेज नावाची संस्था होती. गुलामगिरीविरोधी माणसांनी ती काढलेली, आणि तिथे गोरी व काळी मुले एकाच वर्गात बसत. दक्षिणेत ही गोष्ट जवळजवळ अद्भुतच. नोकरी करीत, सुट्या पडतील तसे तिथे जात, १९०३ साली वुडसन पदवीधर झाले. लगेच पुढच्या वर्षी, १९०४ साली, केंटकीच्या विधिमंडळाने काळ्या आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवण्यास बंदी करणारा कायदा केला. तो कायदा बेरियालाच लागू पडणारा होता. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ साली तिथेही हरले. वुडसन एक वर्ष उशिरा आले असते तर दार बंद होते. शिक्षणाचे दार उघडले म्हणजे ते कायमचे उघडले असे आपण समजतो. ते लोटलेही जाते, तेही अगदी कायदेशीर ठरावाने.

त्याच १९०३ सालच्या अखेरीस ते शिक्षक म्हणून फिलिपीन्सला गेले. स्पेनशी झालेल्या युद्धानंतर १८९८ साली ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात आली होती आणि अमेरिका तिथे इंग्रजी शाळा काढीत होती. तिथली एक हकीकत त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात नोंदवली आहे. अमेरिकेतील नामांकित संस्थांतून अध्यापनाचे शास्त्र शिकून आलेले शिक्षक तिथल्या मुलांना अमेरिकन क्रमिक पुस्तकांतून शिकवीत. पुस्तकात सफरचंदाचे झाड हलवायचे गाणे होते. त्या मुलांनी सफरचंद जन्मात पाहिले नव्हते! मुले शिकेनात, आणि शिक्षक म्हणत की मुलेच मठ्ठ. मग तिथे एक साधा माणूस आला. पूर्वीचा विमा एजंट. अध्यापनाचे कसलेही शिक्षण नसलेला. त्याने सफरचंद काढून टाकले आणि लोंबॉयचे झाड हलवायला सांगितले. लोंबॉय म्हणजे आपले जांभूळ. जांभळाचे झाड हलवणे मुलांना कशाला शिकवावे लागते? ती गाऊ लागली, हसू लागली, शिकू लागली. जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट त्याने बाजूला ठेवली आणि आधी होसे रिझाल यांची सांगितली. १८९६ साली स्पॅनिश सरकारने गोळ्या घालून मारलेला तो फिलिपिनोंचा स्वतःचा हुतात्मा.

मला विचाराल तर वुडसन यांचे सगळे शिक्षणशास्त्र या एका जांभळाच्या झाडात आहे. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या ओढ्याकाठचे जांभूळ आले आणि पहिलीत घोकलेली सफरचंदाची इंग्रजी ओळही आठवली. सफरचंद मी पहिल्यांदा खाल्ले ते बरेच नंतर, आजी दवाखान्यात होती तेव्हा.

१९०७ साली फिलिपीन्स सोडून ते आशिया, उत्तर आफ्रिका, युरोप असे फिरत परतले. पॅरिसला सोर्बोन विद्यापीठात काही काळ शिकले. १९०८ साली शिकागो विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतली आणि हार्वर्डला दाखल झाले. १९०९पासून वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या हायस्कुलात दिवसभर शिकवायचे आणि उरलेल्या वेळात काँग्रेस ग्रंथालयात बसून प्रबंधाची साधने जमवायची, असा क्रम सुरू झाला. १९१२ साली हार्वर्डने त्यांना इतिहासातील डॉक्टरेट दिली. व्हर्जिनियाचा पश्चिम भाग फुटून वेगळे राज्य कसे झाला, हा प्रबंधाचा विषय. ज्या राज्याच्या पोटातून कोळसा काढला त्याच राज्याच्या जन्माची कहाणी त्यांनी लिहिली! हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय. पहिले डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस, १८९५ साली. पण डू बॉइस उत्तरेत, मुक्त घरात वाढलेले होते. आई-बाप गुलामगिरीत जन्मलेले आणि मुलगा इतिहासाचा डॉक्टर, असे उदाहरण वुडसन यांचेच.

पदवी मिळाली म्हणजे सारे मिळाले असे नाही. हार्वर्डच्या त्या वर्गांतही कृष्णवर्णीयांना म्हणण्यासारखा इतिहासच नाही असे मानणारे प्राध्यापक होते. मोठमोठ्या विद्यापीठांतील इतिहासकार त्या काळी लिहीत की गुलामगिरी ही रानटी माणसांना सुधारणारी शाळाच होती, आणि मुक्तीनंतर काळ्यांच्या हाती मत दिले ही अमेरिकेची घोडचूक झाली. १९१५ साली ‘बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट आला. त्यात काळ्यांना पशूसारखे दाखवले होते, आणि त्यांना जाळणाऱ्या-मारणाऱ्या कू क्लक्स क्लानला तारणहार केले होते. राष्ट्राध्यक्ष विल्सन, जे स्वतः इतिहासाचे प्राध्यापक होते, त्यांच्या निवासस्थानी त्याचा खेळ झाला. लिंचिंग तर चालूच होते. इतिहास हा केवळ पुस्तकी विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे वर्ष पाहावे. ज्या माणसांना भूतकाळच नाही असे पुस्तकांत छापले जाते, त्यांना झाडाला टांगणाऱ्याचा हात कचरत नाही.

त्याच १९१५च्या उन्हाळ्यात शिकागोला गुलाममुक्तीच्या पन्नासाव्या वर्षाचे प्रदर्शन भरले होते. वुडसन यांनी तिथे पुस्तके व चित्रे मांडून दुकान लावले. लोटलेली गर्दी पाहून त्यांच्या मनाने घेतले की लोकांना भूक आहे, वाढणारा नाही. ९ सप्टेंबर १९१५ रोजी शिकागोच्या वाय.एम.सी.ए.च्या इमारतीत चार-पाच माणसे बसली आणि ‘असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ निग्रो लाइफ अँड हिस्टरी’ ही संस्था स्थापन झाली. निधी नाही, कचेरी नाही. जानेवारी १९१६मध्ये त्यांनी ‘जर्नल ऑफ निग्रो हिस्टरी’ या त्रैमासिकाचा पहिला अंक काढला. छपाईला पैसे नव्हते. स्वतःच्या विम्याच्या पॉलिसीवर चारशे डॉलर कर्ज काढले. अंक काढण्याआधी मंडळातील सहकाऱ्यांना नीट विचारलेही नाही, आणि त्यावरून ते रागावले. त्या रागात तथ्य होते असे मला वाटते; पण सर्वांना विचारीत बसते तर अंक निघाला नसता, हेही तितकेच खरे.

वुडसन यांची पद्धत काय होती? राजवाडे, दरबार, तहनामे यांत ज्यांचे नाव नाही, त्यांचा इतिहास लिहायचा कशावरून? त्यांनी जनगणनेची दप्तरे काढली. न्यायालयांचे निकाल, चर्चमधील लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी, मृत्युपत्रे, वृत्तपत्रांतील जाहिराती, साध्या माणसांनी लिहिलेली पत्रे, काहीही टाकाऊ मानले नाही. १८००पासून १८६०पर्यंत कृष्णवर्णीयांनी लिहिलेल्या पत्रांचा जाडजूड संग्रह त्यांनी १९२६ साली छापला. १९२०च्या दशकाअखेरीपासून त्यांनी काँग्रेस ग्रंथालयाला हजारो कागदपत्रे मिळवून दिली. आपल्याच समाजाच्या अडचणीच्या गोष्टीही त्यांनी झाकल्या नाहीत. १८३० साली खुद्द काही मुक्त कृष्णवर्णीयांच्याही मालकीचे गुलाम होते, त्यांची यादीच त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. केवढा हा धीर! पण यादी नीट पाहिली तर कळते की यांतले कित्येक मालक म्हणजे नवरा आणि गुलाम म्हणजे त्याची विकत घेतलेली बायको, किंवा बाप आणि त्याची लेकरे. मुक्त केले तर राज्य सोडून जावे लागे, म्हणून बायको कागदावर गुलामच ठेवायची. एकेका नोंदीमागे असा संसार आहे. काही मालक खरोखरच मळेवाले होते, हेही त्यांनी दडवले नाही.

या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कवी लँग्स्टन ह्यूज हे पुढे फार मोठे झाले, पण १९२५ साली ते वुडसन यांच्या कचेरीत नोकर होते. सकाळी लवकर येऊन भट्टी पेटवायची, धूळ झाडायची, टपाल पाहायचे, मुद्रिते तपासायची. त्यातच १८३०च्या जनगणनेतील मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांची जवळजवळ तीस हजार नावे वर्णानुक्रमे लावण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडले. डोळे दुखू लागले. शेवटी नोकरी सोडून ते एका हॉटेलात उष्टी भांडी उचलायला गेले आणि ते काम त्यांना बरे वाटले. वुडसन यांच्याकडे काम करणे म्हणजे काय, याची यावरून कल्पना यावी. मात्र ते स्वतः हाताखालच्यापेक्षा जास्त राबत, हे ह्यूज यांनीही मान्य केले.

स्वभाव तापट आणि एककल्ली होता. १९१९ साली हॉवर्ड विद्यापीठात ते अधिष्ठाता झाले. गोऱ्या अध्यक्षांशी पटले नाही आणि वर्षभरात बाहेर पडावे लागले. दोन वर्षे वेस्ट व्हर्जिनियात अधिष्ठातेपण करून १९२२ साली त्यांनी नोकरीला कायमचा रामराम ठोकला. बड्या प्रकाशकांना असली पुस्तके नको होती, म्हणून १९२१ साली स्वतःची प्रकाशन संस्था काढली होती. वॉशिंग्टनच्या नवव्या रस्त्यावर तीन मजली घर घेतले. तेच कार्यालय, तेच कोठार, तेच राहते घर. खाली पुस्तकांचे गठ्ठे बांधले जात, वरच्या मजल्यावर ते राहत. लग्न केले नाही. पुस्तकांची ओझी घेऊन ते रस्त्याने जात, तेव्हा गल्लीतली मुले त्यांना पुस्तकवाला म्हणून ओळखीत.

पैशांची गोष्ट मोठी शिकवणारी आहे. कार्नेगी आणि रॉकफेलर यांच्या निधींनी १९२०च्या दशकारंभी पंचवीस-पंचवीस हजार डॉलर दिले. नंतर देणगीदारांनी अट घातली की ही संस्था एखाद्या कॉलेजला जोडून टाकावी. वुडसन यांनी साफ नकार दिला, आणि १९३०च्या दशकात, मंदीच्या ऐन दिवसांत, तो झरा आटला. मग शाळामास्तर, चर्च, महिला मंडळे, साधे कामकरी यांच्या एक-दोन डॉलरांवर संस्था चालली. चालली, बंद पडली नाही. अट मान्य केली असती तर जर्नल जास्त सुखाने निघाले असते. ते वुडसन यांचे राहिले असते की नाही, सांगता येत नाही.

१९२६च्या फेब्रुवारीत त्यांनी निग्रो इतिहास सप्ताह सुरू केला. १२ फेब्रुवारी हा लिंकन यांचा जन्मदिन आणि १४ फेब्रुवारी हा डग्लस यांचा मानलेला जन्मदिन; लोक हे दिवस आधीपासून पाळीत असत, म्हणून तो आठवडा निवडला. परंतु त्यांना नुसत्या हारतुऱ्यांचा उत्सव नको होता. एका-दोघा थोरांची पूजा करण्याऐवजी साऱ्या समाजाने काय केले ते शाळेत शिकवावे, असा त्यांचा आग्रह. चित्रे, नाटिका, वाचनाच्या याद्या यांची पाकिटे ते शाळांना पाठवीत. दक्षिणेतल्या छोट्या गावांतील शिक्षिकांनी तो सप्ताह उचलून धरला. १९३७ साली मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांच्या सूचनेवरून शाळांसाठी सोप्या भाषेतील मासिकही निघाले. बेथ्यून याही गुलाम आई-बापांच्या पोटी जन्मलेल्या आणि त्या वेळी वुडसन यांच्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या.

१९३३ साली त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक आले, ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द निग्रो’. त्यात त्यांनी गोऱ्यांपेक्षा आपल्या सुशिक्षितांनाच जास्त झोडपले आहे. शाळेत गेलेला काळा मुलगा ग्रीस, रोम, इंग्लंड यांची थोरवी शिकतो आणि आपल्या लोकांविषयी एक तर काहीच शिकत नाही, किंवा ते हीन आहेत एवढेच शिकतो. जितका शिकतो तितका आपल्या माणसांपासून दूर जातो. डॉक्टर झाला की आपल्या वस्तीत दवाखाना घालायला लाजतो. व्यापारशास्त्र शिकला तरी आपल्या आळीतले दुकान कसे चालते ते त्याला ठाऊक नसते. म्हणजे शिक्षणच त्याला पंगू करते.

हे प्रकरण वाचून मी अस्वस्थ झालो. कॉलेजात आल्यावर आमची बोली आपोआप घराच्या दाराशी ठेवली जाते. आमच्या घराचा लेखी पुरावा म्हणाल तर एक रेशनकार्ड. सातबाऱ्यावर नाव नाही, कारण जमीन नाही. पणजोबांचे नाव सांगणारी आजी दोन वर्षांपूर्वी गेली. तिला दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या कामाच्या गोष्टी ठाऊक होत्या, कोणत्या मुकादमाने किती आठवडे पगार लांबवला तेही पाठ होते. आता यातले जे मला आठवते तेवढेच उरले आहे. वुडसन असते तर वहीत आधी ते लिहून घे म्हणून मागे लागले असते. या दिवाळीच्या सुटीत मी वडिलांकडून आणि यार्डातल्या दोघा-तिघा म्हाताऱ्या हमालांकडून ऐकून वीस पाने भरली आहेत. पोत्याचे वजन कधी किती होते, तोलाईचे दर कसे ठरत, यार्ड होण्याआधी बाजार कुठे भरे, अशा गोष्टी आहेत. याला इतिहास म्हणावे की नाही हे सरांना विचारायचे आहे.

पण वुडसन यांचे सगळेच म्हणणे मला पटते असे नाही. सुशिक्षितांवर त्यांनी जो कोरडा ओढला आहे तो कधी कधी फार सरसकट आहे. ज्या शिक्षिकांनी त्यांचा सप्ताह खेडोपाडी नेला, ज्यांनी पगारातून डॉलर काढून दिले, त्याही याच शाळा-कॉलेजांतून शिकलेल्या होत्या. आणि ते स्वतः? हार्वर्डच्या शिस्तीशिवाय ही दप्तरे त्यांना वाचता आली असती काय? इतरांशी जुळवून घेणे तर त्यांना कधी साधलेच नाही. १९३१ साली फेल्प्स-स्टोक्स निधीच्या पुढाकाराने कृष्णवर्णीयांचा विश्वकोश करण्याची योजना निघाली. पहिल्या बैठकीला वुडसन यांना बोलावणेच नव्हते. मागाहून बोलावले तेव्हा ते गेले नाहीत. आपण स्वतःच असा कोश करीत आहोत असे त्यांनी कळवून टाकले. दोन मोठी माणसे, दोन कोश, आणि दोन्ही अपुरे. डू बॉइस १९६१ साली घानाला जाऊन तेच काम करीत होते आणि १९६३ साली तिथेच वारले. दोघे एकत्र आले असते तर, असे मनात येते. पण दोघांचीही चरित्रे वाचल्यावर ते शक्य नव्हते एवढे मात्र कळते.

३ एप्रिल १९५० रोजी वॉशिंग्टनच्या त्याच घरात हृदयविकाराने वुडसन यांचे निधन झाले. वय चौऱ्याहत्तर. सहा खंडांच्या विश्वकोशाचे काम तसेच राहिले. त्यांची संस्था आज आफ्रिकी-अमेरिकन हे नाव घेऊन चालू आहे आणि विम्याच्या कर्जावर निघालेले ते त्रैमासिकही नव्या नावाने निघते. सप्ताहाचा १९७६ साली महिना झाला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली. नवव्या रस्त्यावरचे घर बरीच वर्षे रिकामे, पडीक होते. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून ताब्यात घेतले. नटलबर्गची खाण १९५८ साली बंद पडली. तिथे आता जंगल वाढले आहे, आणि कोळसा खाली आणण्याचा लोखंडी पट्टा झाडांतून अजून दिसतो.